वर्णपटातले करवतीचे दाते: वायू किती, गोंगाट किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने स्लोन या खुल्या आकाश-सर्वेक्षणातले चाळीसेक क्वेसारांचे (फार दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचे) वर्णपट लॅपटॉपवर उतरवून घेतले आहेत. लायमन-अल्फा या हायड्रोजनच्या उत्सर्जनरेषेच्या निळ्या बाजूला आलेख एकदम करवतीसारखा दातेरी होतो. हे दाते दीर्घिकांच्या मधल्या वायूचे, की नुसता गोंगाट? गाइडने प्रत्येक दात्याला व्हॉइट प्रोफाइल (शोषणरेषेच्या आकाराचं गणिती सूत्र) बसवून वायूची घनता आणि तापमान काढायला सांगितलंय, पण ते काही बसत नाही. शिवाय एक शंका: घोडबंदर रोडच्या गच्चीवरून जिथे धड सप्तर्षीही दिसत नाहीत, तिथे बसून हा विषय घ्यावा का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. तुमच्याकडचे वर्णपट न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या २.५ मीटर दुर्बिणीने घेतलेले आहेत. घोडबंदरच्या दिव्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. विषय बिनधास्त घ्या. गाइडने सांगितलेली पद्धत मात्र या वर्णपटांवर चालणार नाही, आणि त्यात तुमची चूक नाही.

दाते कुठून येतात ते आधी पक्कं करू. वाशीहून ठाण्याकडे एक इलॅस्टिकची पट्टी निघाली आहे आणि वाटभर ती सतत ताणली जाते आहे अशी कल्पना करा. सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, प्रत्येक स्टेशनावर एकेक माणूस बसलाय आणि तो आपल्या फुटपट्टीवर १२१५.६७ ची खूण जिथे येईल तिथे पट्टीला भोक पाडतोय. सगळ्यांची फुटपट्टी एकच, खूण एकच. पण सानपाड्याचं भोक पुढे बरीच स्टेशनं ताणलं गेलं, ऐरोलीचं जेमतेम. ठाण्याला पट्टी मोजायला घेतली की भोकं वेगवेगळ्या जागी सापडतात, आणि जागेवरून कुठलं भोक कुठल्या स्टेशनाचं ते सांगता येतं. पट्टी म्हणजे क्वेसारचा प्रकाश, ताण म्हणजे विश्वाचं प्रसरण, आणि खूण म्हणजे उदासीन हायड्रोजनची लायमन-अल्फा तरंगलांबी, १२१५.६७ ॲंगस्ट्रॉम. एका क्वेसारच्या वर्णपटात त्याच्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेचा मोठा तुकडा असा अंतरानुसार मांडलेला मिळतो. या दाट भोकांच्या पट्ट्याला लायमन-अल्फा फॉरेस्ट म्हणतात. रॉजर लिंड्स यांनी १९७१ मध्ये त्याचा अर्थ असा लावला.

त्याआधीची १९६५ ची गोष्ट तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हवीच. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वेसारची ताम्रसृती ०.१५८ काढली (प्रकाशाची तरंगलांबी वाटेत १ + ताम्रसृती इतक्या पट ताणली जाते). दोनच वर्षांत ३सी ९ ची ताम्रसृती २.०१ निघाली, म्हणजे लायमन-अल्फा जमिनीवरच्या दुर्बिणींच्या टप्प्यात आली. गन आणि पीटरसन यांनी हिशेब मांडला: मधला हायड्रोजन उदासीन असता, तर या रेषेच्या निळ्या बाजूला प्रकाश उरलाच नसता. पण प्रकाश होता. म्हणजे वायू जवळजवळ पूर्ण आयनीभूत आहे, त्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले आहेत. ताम्रसृती २.५ ला सरासरी घनता घनमीटरमागे साधारण आठ हायड्रोजन अणू इतकी विरळ आहे, आणि तो सगळा उदासीन असता तर प्रकाशीय जाडी (वायू प्रकाश किती अडवतो याचं माप) लाखाच्या वर गेली असती. प्रत्यक्षात ती एकाच्याही खाली आहे. दहा लाख अणूंमागे उदासीन असे जेमतेम काही. तुम्ही जे दाते बघताय ते या उरलेल्या मूठभर अणूंचे.

आता आकडे. समजा क्वेसारची ताम्रसृती २.८ आहे. लायमन-अल्फा उत्सर्जन १२१५.६७ × ३.८, म्हणजे ४६२० ॲंगस्ट्रॉमजवळ दिसेल. तिच्या निळीकडचा सगळा भाग वापरायचा नाही. क्वेसारच्या स्वतःच्या चौकटीत (म्हणजे मोजलेली तरंगलांबी भागिले ३.८) १०४० ते १२०० एवढाच घ्या. १२०० च्या पुढे क्वेसारचा स्वतःचाच प्रखर प्रकाश शेजारच्या वायूला जास्त आयनीभूत करतो आणि उत्सर्जनरेषेचा उतारही सुरू होतो. १०४० च्या खाली ऑक्सिजन-६ (पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन; पुढचे कार्बन-४, लोह-२ हे आकडेही असेच, एक कमी करून वाचायचे) आणि लायमन-बीटाची उत्सर्जनरेषा, आणि त्यापलीकडे लायमन-बीटाचं शोषण मिसळतं. म्हणजे वापरायचा भाग ३९५२ ते ४५६०, आणि तो वायू ताम्रसृती २.२५ ते २.७५ मधला. स्लोनच्या फायलीत तरंगलांबी लॉगरिदमने मांडलेली असते, दर पिक्सेल ०.०००१, म्हणजे वेगाच्या भाषेत ६९ किमी प्रति सेकंद. या भागात तुम्हाला सुमारे ६२० पिक्सेल मिळतील. (२.८ च्या क्वेसारची कार्बन-४ ची रेषा ५८८६ ला येते, आकाशातल्या सोडियमच्या रेषेला अगदी खेटून. तिथे काही खाच दिसली तर लगेच हुरळून जाऊ नका.)

वायू की गोंगाट, हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. फायलीत फ्लक्सच्या (मोजलेल्या प्रकाशाच्या) शेजारी आयव्हार नावाचा रकाना असतो; तो विचरणाचा व्यस्त. त्याचं वर्गमूळ काढून उलटं केलं की प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता मिळते. आयव्हार शून्य म्हणजे तो पिक्सेल बाद. त्याला शून्य फ्लक्स समजून सरासरीत घेणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक. आता लाल बाजूला, क्वेसारच्या चौकटीत १४२० ते १४८० हा बऱ्यापैकी स्वच्छ तुकडा घ्या, त्यावर गुळगुळीत वक्र बसवा, उरलेला फरक अनिश्चिततेने भागा. प्रमाण विचलन १ च्या आसपास यायला हवं. १.१ आलं तर पाइपलाइनने गोंगाट थोडा कमी लेखलाय. निळीकडे असं काही टक्क्यांनी होतं हे माहीत आहे, तेवढा गुणक लावून घ्या. मग तीच कृती फॉरेस्टमध्ये करा. तिथे विचलन १ पेक्षा बरंच मोठं आलं तर जास्तीचा भाग वायूचा. विचरणं वजा होतात, विचलनं नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

याहून खात्रीचा पुरावा हवा असेल तर हलक्या फायलींऐवजी पूर्ण फायली उतरवा. त्यांत चौथ्या विभागापासून पुढे प्रत्येक एक्स्पोजर स्वतंत्र दिलेलं असतं, साधारण १५ मिनिटांचं एकेक. एक्स्पोजरचे दोन गट करा आणि दोन वर्णपट बनवून एकावर एक ठेवा. जो दाता दोन्हीत त्याच जागी तो वायूचा (किंवा आकाश वजा करताना राहिलेल्या चुकीचा), जो एकातच तो गोंगाट. काही क्वेसार वेगवेगळ्या रात्री पुन्हा पाहिलेले आहेत. ते मिळाले तर आणखी उत्तम. कॉस्मिक किरणाची रेघ, बिघडलेला पिक्सेल, दोन्ही इथे उघडे पडतात. फॉरेस्टच्या पट्ट्यात ३९३५ आणि ३९७० ला आपल्याच आकाशगंगेतल्या कॅल्शियमच्या रेषा येतात, त्या मास्क करा. लाल बाजूला ५५७७ ची आकाशरेषा आणि ७६०० ची ऑक्सिजनची पट्टी सोडून द्या.

आणि कृपा करून मोजमाप करण्याआधी वर्णपट स्मूथ करू नका. चित्रात दाखवायला करा. मोजताना केलं की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि वरच्या सगळ्या चाचण्यांचा अर्थ जातो.

आता मुख्य दुखणं: कंटिन्युअम. मधल्या वायूने काहीच खाल्लं नसतं तर वर्णपट जसा दिसला असता ती कल्पित रेघ. पारगमन म्हणजे मोजलेला फ्लक्स भागिले ही रेघ. ती कुठे काढायची? तुम्ही बहुधा दात्यांच्या शेंड्यांवरून वक्र नेला असेल. उच्च विभेदनाच्या (जवळजवळच्या रेषाही सुट्या दाखवणाऱ्या) वर्णपटात ताम्रसृती ३ च्या खाली हे बरंचसं चालतं, कारण दोन ढगांच्या मधे खरोखर मोकळी जागा दिसते. स्लोनमध्ये चालत नाही. ४००० ॲंगस्ट्रॉमजवळ त्याची विभेदनक्षमता १५०० च्या आसपास, म्हणजे सुमारे २०० किमी प्रति सेकंद. फॉरेस्टमधली एकेक रेषा ४० ते ५० किमी प्रति सेकंद रुंद. चार-पाच रेषा एकाच खळग्यात बुडतात, मधल्या मोकळ्या जागाही त्यांच्याबरोबर खाली ओढल्या जातात, आणि शेंडे खऱ्या कंटिन्युअमपर्यंत पोचतच नाहीत. तुमची रेघ खाली बसते आणि वायू कमी भरतो.

व्हॉइट प्रोफाइल का बसत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. खळगा एका ढगाचा नाहीच. १०,००० केल्व्हिनच्या हायड्रोजनची डॉप्लर रुंदी (अणूंच्या हालचालीमुळे रेषेला येणारी रुंदी) १२.९ किमी प्रति सेकंद, २०,००० ची १८. तुमचा एक पिक्सेलच ६९ चा. त्यातून तापमान काढणं म्हणजे किराणा दुकानाच्या तराजूवर सोनं तोलणं. प्रोग्रॅम आकडा देईल, पण तो उपकरणाच्या रुंदीचा असेल.

मग स्लोनसाठी कंटिन्युअम कसा काढायचा? सोपा मार्ग म्हणजे लाल बाजूच्या १२८० आणि १४५० जवळच्या स्वच्छ तुकड्यांतून घात-नियमाचा (पॉवर-लॉ) वक्र काढून निळीकडे वाढवणं. एकेका क्वेसारसाठी यावर माझा भरवसा नाही. एक कारण असं की फॉरेस्टच्या भागातही क्षीण उत्सर्जनरेषा आहेत, १०७० आणि ११२० च्या आसपास उंचवटे असतात, ते या वक्रात येत नाहीत. दुसरं कारण निव्वळ यांत्रिक: स्लोनच्याच बॉस या सर्वेक्षणात क्वेसारांचे फायबर (प्रकाश उपकरणात नेणारे तंतू) ४००० ॲंगस्ट्रॉमच्या प्रकाशासाठी नेमके बसवले होते आणि प्रमाण ताऱ्यांचे ५४०० साठी. वातावरणातल्या वक्रीभवनामुळे या दोन जागा किंचित वेगळ्या पडतात. परिणामी अंशांकनानंतर क्वेसार असायला हवेत त्यापेक्षा जास्त निळे दिसतात. वक्राचा उतार मग सरळ चुकतो. त्यापेक्षा मुख्य घटक विश्लेषण वापरा: फॉरेस्ट विरळ असलेल्या किंवा उच्च विभेदनाच्या क्वेसारांवरून बनवलेले मूलवक्र मिळतात, त्यांचे गुणांक लाल बाजूवर बसवायचे आणि निळीकडचा आकार त्यातून घ्यायचा. तरीही एकेका क्वेसारमागे ५ ते १० टक्के चूक धरूनच चाला.

या चुकीचं वजन किती ते बघा. पिक्सेलमागे गोंगाट २० टक्के असला तरी ६२० पिक्सेलांच्या सरासरीत तो ०.८ टक्क्यावर येतो. कंटिन्युअमची १० टक्के चूक सरासरीत विरत नाही, ती तशीच उत्तरात उतरते. फॉशे-जिगेर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार परिणामी प्रकाशीय जाडी ०.००१८ × (१ + ताम्रसृती) चा ३.९२ वा घात. त्यावरून सरासरी पारगमन ताम्रसृती २ ला ०.८८, २.५ ला ०.७८, ३ ला ०.६६, ४ ला ०.३७. म्हणजे २.५ ला तुमची रेघ १० टक्के वर बसली तर उत्तर ०.७१ येईल, जे खरं तर २.८ च्या वायूचं आहे. १० टक्के खाली बसली तर ०.८७, म्हणजे २.० चं. गोंगाटाची एवढी धास्ती घेऊन बसलात, पण पाणी मुरतंय ते इथे.

म्हणून सुचवतो की विषयाचं नाव थोडं बदला: एकेक ढगाऐवजी सरासरी पारगमन ताम्रसृतीबरोबर कसं बदलतं ते मोजा. चाळीस वर्णपट अपुरे आहेत. स्लोनच्या सोळाव्या प्रकाशनाच्या क्वेसार यादीत साडेसात लाख क्वेसार आहेत. त्यातून ताम्रसृती २.४ ते ३.२, ताम्रसृतीबद्दल इशारा नसलेले, आणि फॉरेस्टमध्ये पिक्सेलमागे संकेत-गोंगाट गुणोत्तर ५ च्या वर असलेले दोनशे-तीनशे काढा. रुंद शोषणपट्ट्यांचे क्वेसार गाळा. त्यांचा स्वतःचाच वायू हजारो किमी प्रति सेकंद वेगाने बाहेर फेकला जातो आणि कार्बन-४ च्या निळ्या बाजूला २००० किमी प्रति सेकंदाहून रुंद खड्डा करतो. तसाच खड्डा फॉरेस्टमध्येही पडतो आणि तो दीर्घिकांमधला वायू नव्हे. यादीत याच्या संभाव्यतेचा रकाना आहे, पण शंभरेक वर्णपट स्वतः नजरेखालून घालाच.

मग पिक्सेल ताम्रसृतीच्या ०.१ रुंद खणांत टाकायचे. दोन सापळे आहेत. सरासरी काढताना थेट आयव्हारचं वजन लावू नका: ज्या पिक्सेलमध्ये शोषण जास्त, तिथे फोटॉन कमी, गोंगाट कमी, म्हणून वजन जास्त, आणि सरासरी आपोआप खाली घसरते. क्वेसारमागे एकच वजन द्या. दुसरा सापळा अनिश्चिततेचा. एकाच क्वेसारचे सगळे पिक्सेल एकाच कंटिन्युअमने बांधलेले असतात, म्हणून बूटस्ट्रॅप (नमुन्यातून पुन्हापुन्हा यादृच्छिक निवड करून अनिश्चितता काढणं) पिक्सेलांवर न करता क्वेसारांवर करा. पिक्सेलांवर केलात तर चुकीची पट्टी इतकी बारीक येईल की व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच विचारतील. निरपेक्ष आकड्यापेक्षा खणाखणांतलं गुणोत्तर जास्त विश्वासाचं असतं, कारण कंटिन्युअमची सामाईक चूक भागाकारात बरीच कटते. तेव्हा गुणोत्तरच ठळक मांडा. आणि २.५ ला ०.९ च्या वर उत्तर आलं, तर नवीन भौतिकशास्त्र शोधण्याआधी रेघ खाली बसलीय का ते बघा.

एकेकटे ढगच हवे असतील तर स्लोनमध्ये दोन प्रकारचे खरोखर मोजता येतात.

पहिला प्रकार अवमंदित लायमन-अल्फाचा. चौरस सेंटिमीटरमागे २ × १०^२० किंवा अधिक उदासीन हायड्रोजन. इथे रेषेचे पंख इतके रुंद होतात की स्थिर चौकटीतली समतुल्य रुंदी (रेषेने एकूण किती प्रकाश खाल्ला याचं माप) १० ॲंगस्ट्रॉमपर्यंत जाते; ताम्रसृती २.४ ला ती निरीक्षणात ३४ ॲंगस्ट्रॉम, म्हणजे तिथे तेवढेच पिक्सेल. उपकरणाची रुंदी इथे नगण्य, आणि व्हॉइट प्रोफाइल छान बसतो. फक्त खड्ड्याचा तळ शून्यावर सपाट हवा. तळ उचललेला असेल तर बहुधा फॉरेस्टच्या बऱ्याच रेषांचा घोळका आहे. खात्रीसाठी धातू शोधा: २.४ ला सिलिकॉन-२ ची १५२६.७१ ची रेषा ५१९१ ला, ॲल्युमिनियम-२ ची १६७०.७९ ची ५६८१ ला, लोह-२ ची २३८२.७६ ची ८१०१ ला. सरासरी पारगमनाच्या कामातून मात्र हे क्वेसार बाजूला ठेवा, नाहीतर एकच खड्डा अख्खा खण खाली ओढतो.

अशा ढगांवर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मोठं काम झालंय. श्रीआनंद, पेतिजाँ आणि लेदू यांनी २००० मध्ये ताम्रसृती २.३४ च्या ढगातल्या कार्बनच्या सूक्ष्मरचनेच्या पातळ्यांवरून तिथल्या वैश्विक पार्श्वप्रारणाचं (महास्फोटातून उरलेल्या प्रारणाचं) तापमान ६ ते १४ केल्व्हिनच्या मधे असल्याचं दाखवलं. सिद्धांतानुसार ते ९.१ यायला हवं. क्वेसार रेडिओतही तेजस्वी असेल तर त्याच वायूची २१ सेंटिमीटरची रेषा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधता येते: २.४ ला ती ४१८ मेगाहर्ट्झला, २५० ते ५०० च्या बँडमध्ये पडते, आणि दोन्ही मोजमापांवरून वायू किती थंड याचा अंदाज लागतो.

दुसरा प्रकार मॅग्नेशियम-२ च्या जोडरेषांचा, २७९६.३५ आणि २८०३.५३. हा वायू मुख्यतः दीर्घिकांच्या भोवतालचा, मधल्या रिकाम्या भागाचा नव्हे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. शोध फक्त लायमन-अल्फा उत्सर्जनाच्या लाल बाजूला. ताम्रसृती ०.९ ला जोडी ५३१३.१ आणि ५३२६.७ ला, म्हणजे १३.६ ॲंगस्ट्रॉम अंतराने. त्याच जागी कार्बन-४ ची जोडी असती तर अंतर ८.९ भरलं असतं. एवढा फरक स्लोनमध्ये सहज कळतो. पहिली रेषा दुसरीच्या दुपटीपासून तिच्याइतकी एवढ्याच मर्यादेत हवी. दुसरी मोठी दिसली तर ओळख चुकली किंवा तिच्यात दुसरं काही मिसळलंय. लोह-२ ची २६००.१७ ची रेषा ४९४० ला मिळाली तर शिक्कामोर्तब. समतुल्य रुंदी म्हणजे (१ − पारगमन) × पिक्सेलची रुंदी यांची बेरीज भागिले १.९. दोन्ही रेषा सारख्या खोल असतील तर त्या संपृक्त आहेत, तिथे अणूंच्या संख्येची फक्त खालची मर्यादा द्या.

गाइडना तापमान हवंच असेल तर डेटा बदला. चिलीतल्या पारानालच्या यूव्हीईएस उपकरणाचे ४६७ क्वेसार स्क्वाड संग्रहात, आणि हवाईतल्या केक दुर्बिणीचे कोडियाक संग्रहात, जोडून-स्वच्छ करून खुले ठेवलेले आहेत. विभेदनक्षमता ४०,००० च्या घरात. व्हॉइट प्रोफाइल बसवणारा व्हीपीफिट हा प्रोग्रॅम तिथे नीट चालतो. एकच क्वेसार घ्या, ताम्रसृती २.५ च्या आसपासचा, आणि शंभरेक रेषा बसवा. डॉप्लर रुंदी आणि अणूंची संख्या यांचा आलेख काढला की खालची कड स्पष्ट दिसते. त्या कडेवरच्या सर्वांत अरुंद रेषांतून तापमान निघतं, कारण बाकीच्यांत खळबळ आणि प्रसरणाचा वेग मिसळलेला असतो. तिथे १० किमी प्रति सेकंदाहून अरुंद रेषा दिसली तर ती हायड्रोजनची नाही, फॉरेस्टमध्ये घुसलेला धातू आहे. सिलिकॉन-३ ची १२०६.५० ची रेषा तर प्रत्येक ठळक हायड्रोजन रेषेमागे २२७० किमी प्रति सेकंदावर सावलीसारखी उभी असते. स्लोनच्या पिक्सेलांचा सहसंबंध काढलात तर ३३ व्या पिक्सेलवर दिसणारा छोटा उंचवटा तिचाच.

दोन्ही संग्रह एकत्र वापरताना तरंगलांबी हवेतली की निर्वातातली ते फायलीच्या शीर्षभागात बघून घ्या. स्लोन निर्वातातली देतं. ५००० ॲंगस्ट्रॉमला दोन्हींत १.४ चा फरक पडतो, म्हणजे सुमारे ८४ किमी प्रति सेकंद, आणि जुळायला हव्या त्या रेषा एका पिक्सेलहून जास्त अंतराने हुकतात.